गाडी एअर घेते

मी मेकॅनिक आहे. लेखक नाही. संपादक दोस्तानं तीनदा सांगितलं, लिही, तुझ्या धंद्यातलंच लिही. मी म्हणलं, माझ्याकडं कविता नाही. तुमच्या कवितेत सूर्य असतो, मशाल असते. माझ्याकडं एक हँड लॅम्प आहे, त्याचीबी वायर तुटकी. तो म्हणाला, चालंल. म्हणून हे डिझेलच्या हातानं लिहितोय. कागदाला वास आला तर नाक धरू नका.

१९७८ साली विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्याच पावसाळ्यात बापानं गाव सोडलं. सोडलं ते सोडलंच. परभणीला आलो. बाप मोंढ्यात हमाली करायचा. मी दहावीला गणितात गेलो आणि दुसऱ्या दिवशी बापानं मला जिंतूर रोडवरच्या एका गॅरेजात आणून उभं केलं. म्हणाला, शाळेत हात चालंना, हितं चालतोय का बघा.

गॅरेजचा शेठ वेगळा आणि मिस्त्री वेगळा. मिस्त्रीला सगळे उस्ताद म्हणायचे. उस्ताद मुसलमान, डोळ्यानं अधू, पण इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा, तीन नंबरचं नोझल गेलंय. त्यानं मला पहिले सहा महिने फक्त पाने पुसायला लावले. नंतर एअर काढायला शिकवलं. डिझेल गाडीच्या कामाची सुरुवात तिथूनच होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पेट्रोलच्या गाडीत प्लग ठिणगी टाकतो, हितं हवाच इतकी दाबली जाते की ती तापून लाल होते म्हणा, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की भडका. रुडॉल्फ डीझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली असं इंजिन नीट चालवून दाखवलं. पण तेव्हा डिझेल आत फुंकायला कॉम्प्रेस्ड हवा लागायची, मोठं धूड बरोबर ठेवावं लागायचं. १९२७ पासून बॉशनं डिझेलचे पंप कारखान्यात बनवायला घेतले आणि मग हे इंजिन ट्रकमध्ये सर्रास बसायला लागलं. त्या पंपातला प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यामध्ये दोन-तीन मायक्रॉनची जागा असते. माणसाचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन. म्हणजे केसाच्या पंचविसाव्या हिश्शाएवढ्या फटीत सगळा खेळ. त्यात पाणी गेलं, माती गेली की खेळ खलास.

आता रस्ता बघा. टाकी. टाकीत बुडालेला सक्शन पाइप, त्याच्या तोंडाला जाळी. तिथून पाइप पुढं येतो फीड पंपाला. फीड पंप डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाला देतो. मोठा पंप दाब वाढवून एकेका नोझलला पाठवतो. उरलेलं डिझेल रिटर्न पाइपानं परत टाकीत. एवढंच. पण ह्यात एक मेख आहे आणि ती उस्तादनं मला पहिल्याच वर्षी सांगितली. फीड पंपाच्या पुढं डिझेल ढकललं जातं. तिथं भोक पडलं तर डिझेल बाहेर गळतं, डोळ्याला दिसतं. फीड पंपाच्या मागं, टाकीकडं, डिझेल ओढलं जातं. तिथं भोक पडलं तर थेंबसुद्धा बाहेर येत नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. पाइप कोरडा ठणठणीत. मालक पाइपावर हात फिरवतो आणि म्हणतो, बघा, कुठं गळतंय का? आमच्याकडं काही नाही. उस्ताद म्हणायचा, "बेटा, गळता नहीं, हवा लेता है. सूखा देख के मत भूल."

मला हे फार वेळा आठवतं. गाडीखाली झोपलेला नसतानासुद्धा.

तर १९९१. पावसाळा संपत आलेला. एका बड्या शेतकऱ्याची पिकअप गॅरेजात आली. त्यांना सगळे पाटील म्हणायचे, मीही तेवढंच म्हणतो. गाडीची तक्रार अशी की गावातून निघते झकास, मोंढ्यात माल टाकते, परत जाताना दहा-पंधरा किलोमीटरवर चढ लागला की धाप टाकते, पिकअप घेत नाही, धक्के देते आणि बंद पडते. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. जणू काही झालंच नाही.

असला फॉल्ट म्हणजे मिस्त्रीची इज्जत जायची वेळ. कारण गाडी गॅरेजात आणली की ती चांगलीच असते. रस्त्यात बंद पडली म्हणून सायकल मारत पाने घेऊन जावं, तोवर ती सुरू झालेली असते. फिल्टर बदलला. फरक नाही. फीड पंपाचे वॉल्व्ह बदलले. फरक नाही. एअर बघितली. फिल्टरचा बोल्ट ढिला करून हँड प्रायमर मारला, एक बुडबुडा नाही, डिझेलची सरळ धार. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असलं तर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि डिझेल येत नाही, म्हणून झाकण उघडं ठेवून चालवली. तरी बंद.

शेवटी उस्ताद स्वतः पाटलांच्या गाडीत बसून गेला. मी मागं हौद्यात. बोरीच्या अलीकडं गाडी बंद पडली. उस्तादनं मला पाणी आणायला लावलं, पंपावर ओलं फडकं टाकलं, त्यावर पाणी ओतत राहिला. थोड्या वेळानं सेल्फ मारला. गाडी सुरू. उस्ताद म्हणाला, "पंप गया."

ही पद्धत खोटी नाही. पंप झिजला की आतली फट वाढते. गरम डिझेल पातळ होतं, त्या फटीतून मागं सरकतं, दाब बनत नाही, गाडी गरममध्ये सुरू होत नाही. पंप थंड केला की डिझेल घट्ट होतं आणि गाडी लागते. म्हणून ओलं फडकं टाकून बघायचं. आजही जुन्या गाडीवर मी हेच करतो. पण उस्तादकडून एक गोष्ट सुटली. पाणी आणायला मला शेतातल्या विहिरीवर जावं लागलं होतं. जाऊन-येऊन, फडकं टाकून, दहा मिनिटं तर त्यातच गेली होती. आणि ही गाडी दहा मिनिटांनी नुसतीच सुरू व्हायची, पाणी नसतानाही. ते माझ्या लक्षात आलं होतं. मी बोललो नाही. वीस वर्षांचं पोरगं, उस्तादच्या शब्दावर काय बोलणार? आणि पाटील शेजारी उभे.

पंप उतरवला, तेव्हाच्या औरंगाबादला कॅलिब्रेशनला गेला. बिल अडीच हजार रुपये. मला तेव्हा आठवड्याला साठ रुपये मिळायचे. पंप आला, बसवला, टायमिंग लावलं, गाडी गेली. तिसऱ्या दिवशी पाटलांचा ड्रायव्हर एसटीनं आला. गाडी बोरीच्या अलीकडं उभी.

त्या दिवशी पाटील गॅरेजात आले आणि शेठला भरपूर बोलले. उस्तादला काही बोलले नाहीत. उस्ताद मोठा माणूस, गावभर नाव. मग कुणावर काढायचं? म्हणाले, "पंप कुणी बसवला? ह्या पोरानं? मग कसा चालंल?" आणि पुढं जातीचं नाव घेऊन एक वाक्य बोलले. ते मी लिहीत नाही. तुम्हाला पाठ आहे.

गॅरेजात काम लागलं तेव्हा मला वाटायचं, हितं सगळ्यांचेच हात काळे. ग्रीसमध्ये कुणाची जात दिसणार? शेजारच्या हॉटेलवाल्याला दिसायची. त्याच्याकडं माझा कप वेगळा होता, दांडी तुटलेला, खिळ्याला अडकवलेला. उस्ताद ते बघायचा आणि स्वतःचा चहा त्या कपात घ्यायचा, माझा कप त्याच्या हातात, त्याचा माझ्या. हॉटेलवाला काही बोलू शकायचा नाही. हे उस्तादबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण पुढं जे झालं त्यात तो गप्प बसला.

रात्रभर मला झोप नाही. पंप मीच बसवला होता, आणि नीट बसवला होता. मग राहिलं काय? फॉल्ट शोधायचा म्हणजे गाडीचे दोन भाग करायचे. अर्धा भाग बाजूला काढून दुसरा चालवून बघायचा. टाकी आणि पाइप बाजूला काढले तर? उस्तादनंच एकदा ट्रकवर करून दाखवलं होतं. बाटलीवर गाडी चालवणं. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापासून सोडायचा आणि तिथं स्वच्छ डिझेलच्या बाटलीतून नळी द्यायची. बाटली वर टांगायची. रिटर्नचा पाइपही त्याच बाटलीत सोडायचा, नाहीतर बाटली बघता बघता रिकामी होते. आता गाडी चालली तर दोष टाकीकडं. बंद पडली तर दोष पुढं.

सकाळी गॅरेज उघडायच्या आधी गेलो. पाटलांची गाडी आणून लावलेली होती. बाटली घेतली, डिझेल कुठून घेणार? गाडीच्याच टाकीतून नळी लावून तोंडानं ओढलं. एक लिटर. नळी तोंडात, बाटली हातात, आणि पाटलांचा ड्रायव्हर दारात.

मित्रांनो, पुढचं तुम्ही ओळखलं असंल. तेव्हा डिझेल पाच रुपयांच्या आसपास लिटर होतं. पाच रुपयांच्या डिझेलसाठी मी अर्धा तास भिंतीला टेकून उभा होतो. पाटील आले. शेठ आला. बाटली टेबलावर ठेवलेली, पुराव्यासारखी. मी सांगत होतो, टेस्ट करायलो होतो. शेठ म्हणाला, "गॅरेज उघडायच्या आधी टेस्ट?" पाटील म्हणाले, "म्हणूनच गाडी बंद पडती. हे रोज काढत असंल." बाजूचे चार लोक हसले. पाटलांनी एक थोबाडीत दिली. फार जोरात नव्हती. जोरात असती तर बरं झालं असतं, मीही हात उचलला असता. ती अशी होती की आपल्या घरच्या जनावराला मारतात तशी.

मी उस्तादकडं बघितलं. त्याला माहीत होतं बाटली कशाला असते. त्यानंच शिकवलेलं. त्यानं मान खाली घातली आणि पाना पुसत बसला.

मी घरी गेलो. बापाला सांगितलं नाही. आईनं तोंडाचा डिझेलचा वास ओळखला, म्हणाली, गूळ खा, वास जातो. जात नाही.

चौथ्या दिवशी उस्ताद वस्तीत आला. त्या काळी आमच्या वस्तीत गॅरेजमधलं कुणी येत नव्हतं. तो आला आणि आमच्या ओट्यावर बसला. म्हणाला, "गलती हुई." एवढंच. मग म्हणाला, गाडी अजून बंद पडते, पाटील दुसरीकडं न्यायच्या गोष्टी करतात, शेठ माझा पगार कापतो म्हणतो. तू चल. मी म्हणलं, उस्ताद, तुमच्या पगारासाठी येऊ का? तो म्हणाला, "नहीं. फॉल्ट के लिए आ. तेरे दिमाग में वो फॉल्ट घूम रहा है, मुझे मालूम है."

खरं होतं. चोर म्हणवून घेतल्याचा राग होता, पण त्याच्या खाली गाडीचा फॉल्टही किरकिरत होता. लाज वाटते सांगायला, पण होतं असं.

मी एक अट घातली. डिझेल पाटलांनी स्वतः पंपावरून आणायचं, पाच लिटरच्या कॅनमध्ये, आणि गाडीत माझ्या शेजारी स्वतः बसायचं. ड्रायव्हर नको. उस्तादनं काय सांगून त्यांना तयार केलं माहीत नाही. आले. कॅन सीटच्या मागं उंचावर बांधला, नळी खिडकीतून बॉनेटखाली घेतली, रिटर्नची दुसरी नळी परत कॅनमध्ये. हौद्यात वीस पोती सोयाबीन, कारण रिकाम्या गाडीला हा फॉल्ट येत नव्हता. गाडी मी चालवली. शेजारी पाटील, मांडीवर हात ठेवून, खिडकीकडं सरकून बसलेले. बोरी आली. गेली. पुढचा चढ गेला. जिंतूर आलं. गाडी बंद पडली नाही. परत आलो. तरी नाही. त्या सगळ्या रस्त्यात आम्ही एक शब्द बोललो नाही.

म्हणजे पंप चांगला, नोझल चांगले. दोष टाकीकडं. अडीच हजार रुपये पाण्यात.

परत आल्यावर टाकीचा पाइप जोडला आणि गाडी रिकामीच जास्त रेसवर ठेवली, जवळजवळ पाऊण तास. अखेर धाप लागली. बंद पडायच्या आत मी प्रायमरचा दांडा वर ओढून बघितला. जड. सोडला की आपोआप खाली ओढला जायला लागला. एअर असती तर तो पोकळ, भुसभुशीत लागला असता. जड लागला म्हणजे मागून कुणीतरी तोंड दाबून धरलंय. पाइपात हवा मारली, टाकीत बुडबुड बुडबुड. पाइप साफ. मग तोंड दाबतंय कोण, आणि दहा मिनिटांनी सोडतंय कोण?

डिझेल काढून टाकलं, टाकीवरचं गेजचं युनिट खोललं, आत हँड लॅम्प नाही, बॅटरी धरली. तळाला कापडाचा तुकडा. तारेच्या आकड्यानं बाहेर काढला. वीतभर. काळा पडलेला, पण काठ दिसत होता. धोतराचा काठ.

सगळा उलगडा झाला. कधीतरी टाकीचं झाकण हरवलं होतं, ड्रायव्हरनं पाटलांच्या जुन्या धोतराचा बोळा टाकीच्या तोंडात कोंबला होता. नवीन झाकण आणलं, बोळ्याचा तुकडा आत राहिला. गाडी हळू चालली तर डिझेलची ओढ कमी, कापड तळाला पडून राहायचं. माल भरून चढाला लागलं, ओढ वाढली की कापड तरंगत येऊन जाळीला चिकटायचं. इंजिन बंद झालं की ओढ संपली, दहा मिनिटांत कापड सुटून खाली. म्हणून गाडी पुन्हा सुरू.

उस्तादनं तो तुकडा पिळला आणि बॉनेटवर ठेवला. पाटील तिथंच उभे होते. त्यांच्या अंगावर तसल्याच काठाचं धोतर. त्यांनी तुकड्याकडं बघितलं. ड्रायव्हरकडं बघितलं. मग खिशातून वीस रुपये काढून माझ्यासमोर धरले आणि म्हणाले, "चहा घे."

मी घेतले. तुम्हाला वाटत असंल, तोंडावर फेकले असतील. घरात त्या आठवड्याचा पगार आलेला नव्हता. चोर हा शब्द त्यांनी परत घेतला नाही. शेठनंही नाही. हसलेले ते चार लोक त्या दिवशी तिथं नव्हते, त्यांना कुणी सांगितलंही नाही. दोन वर्षांनी मी त्या गॅरेजातून निघालो तेव्हा त्यातल्या एकानं नव्या ठिकाणी सांगून ठेवलंच होतं, पोरगं हुशार हाय, पण डिझेलवर लक्ष ठेवा.

आता थोडं धंद्याचं. आपली बरीच पोरं पिकअप घेतायत, फायनान्सवर. हप्ता चुकला की गाडी ओढून नेतात, आणि गाडी उभी राहिली की हप्ता चुकतो. म्हणून नीट ऐका. काळा धूर आणि ताकद कमी, तर आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल. सकाळी पांढरा धूर आणि मिसिंग, तर डिझेल न जळता बाहेर येतंय. हीटर प्लग, नोझल, कॉम्प्रेशन. सुरू होऊन दोन मिनिटांत बंद, तर एअर. रात्रभर उभी राहून सकाळी लागत नाही, तर कुठूनतरी डिझेल टाकीत परत उतरतंय. फिल्टरच्या खालचं पाणी पावसाळ्यात दर आठवड्याला सोडा. फीड पंपाच्या अलीकडं वीतभर पारदर्शक नळी लावून बघा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतील. कुणी पहिल्याच दिवशी पंप उतरवायला सांगितलं तर त्याला आधी बाटलीवर चालवून दाखव म्हणा.

आणि एक. जुन्या गाडीत कुठला सिलिंडर मेलाय हे बघायला आम्ही चालू इंजिनात एकेका नोझलचा नट ढिला करायचो. ढिला केल्यावर आवाज बदलला तर तो सिलिंडर जिवंत, नाही बदलला तर मेलेला. कॉमन रेलच्या गाडीवर हे चुकूनही करू नका. तिथं पाइपात हजार-दीड हजार बारच्या वर दाब जातो. बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून टाचणीएवढं भोक दिसतं, आणि डिझेल आत पसरून हात कापायची पाळी येते. दिसत नाही म्हणून डॉक्टरकडं जायला उशीर करतात. त्या गाड्यांना स्कॅनर लावा, रेलचा दाब वाचा, आणि प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक छोटी बाटली लावून बघा. ज्याची बाटली सगळ्यांच्या आधी भरते तो इंजेक्टर गेलेला. बघा, शेवटी बाटलीच.

उस्ताद २००९ ला गेला. त्याच्या मयतीला मी खांदा दिला. माझं गॅरेज आता आहे, दोन पोरं हाताखाली. दारात मी पाच लिटरचा एक कॅन ठेवलाय, माझ्या पैशाच्या डिझेलचा. टेस्टला गिऱ्हाइकाच्या टाकीतलं डिझेल माझ्या गॅरेजात कुणी काढत नाही. वहीत लिहायचं, तारीख, गाडी, किती काढलं, किती परत ओतलं. पोरं कंटाळतात.

परवा आपल्याच एका पोराची पिकअप आली, दहा वर्षं जुनी, मागच्या काचेवर निळ्या अक्षरात जयभीम. चालता चालता झटके. मी पोराला म्हणलं, कॅन आण. गाडीवाला म्हणाला, "दादा, माझ्याच टाकीतलं घ्या की. दिवसभराचं भाडं बुडायलंय." मी म्हणलं, नाही. कॅनमधलंच. वहीत लिहिलं. गाडी बाटलीवर अर्धा तास लोण्यासारखी चालली. मग खाली झोपलो. टाकीजवळच्या रबरी नळीला क्लिपच्या खाली चीर होती, बाहेरून कोरडी. हातभर नळी, दोन क्लिपा. कॅनमधलं जे उरलं ते मोजून परत ओतलं.